पुसलेले डोळे

पांढरी साय म्हणजेच औषध, हे साळूबाईला कळलं तेव्हा तिच्या चिमटीत ओला कापूस होता आणि मांडीवर सात नंबरचा ससा. बाहेर बोळीत संशोधन करणारी तनुजा नव्यानं आलेल्या दोन विद्यार्थिनींना काम समजावून सांगत होती. दार अर्धं लोटलेलं. पिंजऱ्यांच्या मांडणीआड बसलेली साळूबाई तिला दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी तिच्या हाताकडं कुणी पाहिलं नसतं. एकोणीस वर्षांत ती त्या खोलीतल्या नळासारखी, घमेल्यासारखी तिथलीच झाली होती. तनुजा म्हणाली, "संध्याकाळचं औषध मुद्दाम घट्ट केलंय. अर्ध्या तासात वाळतं आणि डोळ्याच्या कडेला पांढरी साय धरते. घाण नाही ती, औषधच आहे. रात्रभर विरघळत बुबुळावर उतरत राहतं. सकाळपर्यंत काही उरत नाही." ते खरंच होतं. सकाळी काही उरत नव्हतं. रोज संध्याकाळी साडेपाचला साळूबाईच उरू देत नव्हती.

तिचा हात लगेच थांबला नाही. सात नंबरचा उजवा डोळा तिनं आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एका फेऱ्यात पुसून पुरा केला, आणि मग कापसाकडं पाहिलं. पेजेवर धरतो तसला पातळ पापुद्रा कापसाला चिकटून आला होता. चोवीस दिवस असा पापुद्रा ती निघताना कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत होती आणि स्वच्छ हातांनी, स्वच्छ मनानं घरी जात होती. तिनं सशाला पिंजऱ्यात ठेवलं. आठपासून बारापर्यंतचे पाच राहिले होते. त्यांच्या डोळ्यांच्या कडा पांढऱ्या झालेल्या तिला दिसत होत्या. हात शिवशिवत होते. तिनं ते दोन्ही अॅप्रनच्या खिशांत घातले आणि तशीच उभी राहिली. बाहेरच्या पोरी हसत जिन्याकडं गेल्या. खोलीत फक्त एसीची घरघर आणि सशांचं घास कुरतडणं उरलं.

औषधशास्त्राच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला हे अॅनिमल हाउस होतं, आणि त्याला वास येत नाही ही साळूबाईची मिरास होती. मुंबईहून, पुण्याहून तपासणीला येणारे साहेब दारातच नाकाला रुमाल लावायच्या तयारीनं यायचे आणि रुमाल तसाच खिशात ठेवून जायचे. तिच्या हाताखाली सशाच्या तळपायाला कधी फोड आला नाही, कुणाचा कान खरजेनं जाड झाला नाही. कामाला लागली तेव्हा ती अंगठेबहाद्दर होती. मुकुंदवाडीच्या विहारात संध्याकाळी प्रौढांचा वर्ग भरायचा, तिथं वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ती अक्षरं शिकली आणि मग तापमानाच्या तक्त्यावर रोज पूर्ण नाव लिहून सही करू लागली. दुसरे लोक दोन रेघा ओढून मोकळे होत. तिची सही ठरलेल्या चौकोनात मावायची नाही, बाजूच्या चौकोनात पाय पसरायची. मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. आपल्यामागं या खोलीचं काय होईल याची तिला काळजी होती. आपल्या हातून इथं काही बिघडलं असेल, ही शंका मात्र तिच्या मनाला कधी शिवली नव्हती. स्वतःबद्दलचा विश्वास ही काही बाजारात मिळणारी वस्तू नाही. तो तिनं घमेल्या-घमेल्यानं लेंड्या उपसून मिळवला होता.

म्हणून घरी जाताना जालना रोडवर रिक्षात दाटीवाटीनं बसलेली असताना तिला पहिल्यांदा राग आला तो तनुजाचा. सांगायला नको होतं का पोरीनं? दारावर नियमांचा कागद लावलेला होता, पण तो इंग्रजी. साळूबाईला इंग्रजीतले आकडे तेवढे कळत. आणि सकाळी डोळे तपासायला आलेली तनुजा उलट म्हणायची, मावशी, डोळे किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही. ते ऐकून साळूबाई दुसऱ्या दिवशी आणखी मन लावून पुसायची. राग आकाशवाणीच्या चौकापर्यंत टिकला. पुढं त्याला धरायला जागाच सापडेना. कागद इंग्रजी होता हे खरं, पण कागदात काय आहे हे तिनं विचारलं नव्हतं हेही तितकंच खरं. विचारायचं कशाला? डोळ्याला घाण आली तर पुसायची, यात विचारण्यासारखं काय होतं?

डोळ्याचं तिला ठाऊक होतं. ती आठ वर्षांची असताना करमाडला तिच्या धाकट्या भावाला, पुंजारामला, गोवर निघाला. तो चार वर्षांचा. आईबाप ज्वारी काढायला परगावी गेलेले, आणि घरात साळूच मोठी. तापानं पोराचे डोळे चिकटले. शेजारची म्हातारी दारातूनच बजावून गेली की अंगावर गोवर असताना पाणी लावायचं नसतं, तोंडाला नाही आणि डोळ्याला तर नाहीच नाही. साळूनं ऐकलं. तीन दिवस ती उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होती. चौथ्या दिवशी आई आली, तिनं कोमट पाण्यानं पापण्या सोडवल्या, आणि उजव्या डोळ्यात फूल पडलेलं दिसलं. काळ्या बुबुळावर पांढरा डाग, शिजलेल्या साबुदाण्यासारखा. आईनं पोरीला बोल लावला नाही. नुसती एकदा तिच्याकडं पाहून चुलीकडं वळली. त्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी साळूनं कुणाचा डोळा घाण राहू दिला नाही. भावाचा, मग स्वतःच्या लेकरांचा, नातवंडांचा, दारातल्या शेळीचा. पदराचं टोक ओलं करायचं आणि आतून बाहेर एक फेरा. कॉलेजात पदराच्या जागी उकळलेल्या पाण्यातला कापूस आला, एवढाच काय तो फरक.

आणि हे औषध त्या फुलावरचंच होतं. तनुजानं तिला सगळं नीट समजावलं होतं. ऊस तोडताना पातं लागतं, डबीतला चुना डोळ्यात उडतो, कारखान्यात कसलं पाणी उडतं. जखम भरते, पण भरताना बुबुळाची काच पांढरी पडते, माणूस दुधातून बघितल्यासारखं बघतो. जखम ताजी असतानाच हे औषध घातलं तर काच निर्मळ भरून येईल का, हे बघायचं होतं. जुन्या फुलावर चालंल का, असं साळूबाईनं तेव्हाच विचारलं होतं. तनुजा सरळ म्हणाली होती, नाही मावशी, जुन्यावर नाही. ते उत्तर साळूबाईला आवडलं. खोटी आशा लावणारे डॉक्टर तिनं पुष्कळ पाहिले होते. बारा सशांना सुईनं निजवून, डोळा बधिर करून, उजव्या बुबुळाला जखम केली गेली. सहांना औषध, सहांना तसलंच दिसणारं पण औषध नसलेलं काही. कोण कुठला, हे थेंब घालणाऱ्या तनुजालाही ठाऊक नव्हतं आणि डाग मोजणाऱ्या तिच्या मार्गदर्शक औताडे सरांनाही. यादी पाकिटात बंद होती. जखम करायच्या दिवशी साळूबाईनं बाराच्या बारा ससे स्वतः धरले होते. ती डोक्यावरून तळवा फिरवायची आणि पेंगलेल्या जनावराच्या कानात काहीबाही बोलायची. जनावराला शब्द कळत नाहीत, आवाज कळतो.

आता तिला आठवलं, सोमवारी दर आठवड्यासारखी मोजणी झाली तेव्हा सर तेच तेच डोळे यंत्रातून पुन्हा पुन्हा बघत होते. बाराही डोळे सारखेच. सशाचा डोळा लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. बाराही दाण्यांवर सारखीच राख. पाकीट उघडायच्या आधीच उत्तर दिसत होतं. शुक्रवारी सर ते पाकीट उघडणार होते, परिणाम नाही असा शेरा लिहून कागद वर पाठवणार होते, आणि तनुजाच्या तीन वर्षांच्या बाटल्या कपाटात जाणार होत्या. सोमवारी दुपारी तनुजानं डबा उघडला आणि तसाच झाकला. साळूबाईनं ते पाहिलं होतं, आणि होतं असं, सगळीच औषधं लागू पडत नसतात, असं म्हणून तिची समजूतही घातली होती. ते आठवताच रिक्षात बसल्याजागी तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

गप्प राहिलं तर काय होईल, याचाही विचार तिनं केला. ती काही देवमाणूस नव्हती. गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नाही. औषध निकामी ठरेल, तिची नोकरी डागाविना संपेल, आणि आणखी कुठल्या सशाचा डोळा जळणार नाही. हे शेवटचं तिला रिक्षातून उतरता उतरता सुचलं आणि ती तिथंच रस्त्याच्या कडेला थांबली. सांगितलं तर चाचणी पहिल्यापासून करावी लागणार. म्हणजे नवे बारा ससे, नव्या बारा जखमा. जिनं माया म्हणून डोळे पुसले, तिच्याच तोंडानं ती आणखी बारा डोळे मागणार. मागून भाजीच्या गाडीवाल्यानं बाजूला हो म्हणून आवाज दिला तेव्हा ती चालू लागली.

पुंजाराम बायको वारल्यापासून बहिणीकडंच राहत होता. पंचावन्नचा गडी, पण अजून ती आल्याबरोबर तोंड पुढं करून बसायचा. तिनं हातपाय धुतले, पदर ओला केला, त्याचे डोळे पुसले आणि पुसता पुसता सगळं सांगून टाकलं. तो मधेमधे हूं हूं करत होता. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं की ते ससे मोठाले असतात का. असतात, ती म्हणाली. मग तो लहानपणी करमाडच्या माळावर बापानं धरून आणलेल्या सशाची आठवण काढून बसला. रस्सा किती गोड झाला होता, आणि साळूनं दोन वाट्या कशा हाणल्या होत्या. तिला राग आला आणि हसूही आलं, कारण दोन वाट्या हाणल्या होत्या हे खरं होतं. ती म्हणाली, मी काय विचारती अन् तू काय सांगतो. मग पुंजाराम चांगला डोळा तिच्याकडं करून म्हणाला,

"आक्का, तवा तू पुसलं असतं तरी फूल पडणारच व्हतं. गोवरात डोळा आतूनच वाळतो. पोटात काय नसलं की. घाटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं मला."

"कवा?"

"माझ्या लग्नाच्या आधी."

"मंग इतकी वर्सं सांगितलं का नाय?"

"तू रोज डोळे पुसून देती," पुंजाराम म्हणाला. "सांगितलं असतं तर मंग कोण पुसणार व्हतं?"

साळूबाई पदराचं ओलं टोक हातात धरून बसून राहिली. डोक्यावरची मोळी कुणी न सांगता उचलून घेतली की मान हलकी होत नाही, आधी डगमगते. एक्कावन्न वर्षं तिनं एका चुकीची भरपाई केली होती, आणि ती चूक मुळात झालेलीच नव्हती. आणि ती भरपाई करताना खरी चूक झाली ती ही. आईनं तेव्हा जे पाहिलं होतं, त्या नजरेचा अर्थ तिनं स्वतःच लावला होता, हेही आज ध्यानात आलं. कदाचित आई नुसती थकली असेल. कदाचित मागच्या चुलीत जाळ करायचा राहिला असेल, एवढंच. सून निशा स्वयंपाकघरातून विचारत होती की भाकरी टाकू का. टाक, साळूबाई म्हणाली. ती पोटभर जेवली. जेवताना तिला असं वाटलं की आता निर्णय घ्यायचा राहिलेलाच नाही. आठ नंबरच्या सशापाशी हात खिशात घातले तेव्हाच तो झाला होता. मायेपोटी केलेलं काम झाकायचं असलं की त्याला माया म्हणत नाहीत, भीती म्हणतात. आणि भीतीनं काम करायची तिला सवय नव्हती.

सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेली. तनुजा आली, अॅप्रनची बटणं लावू लागली, तेव्हा साळूबाई समोर उभी राहून म्हणाली, "तनुजाताई, रोज साडेपाचला मी सगळ्यांचे डोळे पुसती. पहिल्या दिवसापासून. काल सातपर्यंत पुसले, आठपासून तसेच ठेवले. मला वाटलं घाण हाये."

तनुजाचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. रोज, असं तिनं विचारलं. रोज, साळूबाई म्हणाली. मग तनुजा बोलली ते लागेलसं बोलली: "माझी तीन वर्षं तुम्ही कापसानं पुसलीत, मावशी." साळूबाईनं ते ऐकून घेतलं. कागद इंग्रजी होता हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं. पोरगी चाऱ्याच्या पोत्यावर बसली, दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. सशांना सकाळचा चारा हवा होता, ते पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून उभे होते. साळूबाईनं चारा घालायला सुरुवात केली, कारण बाराजणांना उपाशी ठेवून कुणाचंच भलं होणार नव्हतं. सहाव्या पिंजऱ्यापाशी तिला मागून तनुजाचा आवाज आला, आता वेगळाच, विचारात पडलेला.

"म्हणजे औषध नापास झालेलं नाही."

"त्ये मला नाय माहीत," साळूबाई म्हणाली. "डोळ्यात ऱ्हायलंच नाय, एवढं माहीत हाये."

औताडे सर शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि आठ ते बारामधले पाच डोळे आज वेगळे दिसतात का तेही जाऊन बघून आले. दिसत नव्हते, इतक्या उशिरा दिसणारही नव्हते, ताजी जखम असतानाच काय तो उपयोग. मग ते म्हणाले की असं झालं तर ज्याच्या हातून झालं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं असतं, आणि तो कागद जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढं जातो. पुन्हा बारा जनावरं मागावी लागतील. मिळतील, न मिळतील. साळूबाईंच्या नोकरीला आता चारच महिने राहिलेत याकडंही त्यांनी हळूच लक्ष वेधलं. आपण मजकूर मवाळ ठेवू, असं सांगून ते स्वतःच शब्द घालू लागले: अनवधानानं माझ्याकडून सशांचे डोळे पुसले गेले.

साळूबाईनं पेन उचललं नाही. "अनवधानानं नाय, सर," ती म्हणाली. "लई ध्यान देऊन पुसले. तसंच लिवती."

सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. तिनं पाच ओळी लिहिल्या. त्याला पाऊण तास लागला. तारखा घातल्या, वेळ घातली, कापूस कसला होता तेही घातलं, आणि घाण समजून, माहिती न विचारता, असं लिहिलं. खाली सही केली. तनुजा बाजूला उभी राहून वाचत होती. त्याच दिवशी दुपारी दारावरचा कागद काढून तिनं स्वतः मराठीत लिहायला घेतला, आणि तिसऱ्या ओळीपाशी अडली तेव्हा शब्द विचारायला साळूबाईकडंच आली.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिल्या बारा सशांना नियमाप्रमाणे कायमचं निजवलं. त्यांचं काम त्यांनी पुरं केलं होतं, माणसांनी नव्हतं केलं. साळूबाईनं एकेकाला उचलून दिलं आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही. दीड महिन्यानं समितीचं पत्र आलं. एका सभासदानं आक्षेप घेतला होता म्हणे, आणखी जनावरं कशाला, म्हणून; आणि दुसऱ्यानं म्हणे ती पाच ओळींची चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली होती. बारा ससे मंजूर झाले. ते आले तेव्हा फेब्रुवारी लागला होता. तिच्या हिशेबानं त्यांचे अठ्ठावीस दिवस भरून तिच्या निवृत्तीला दोन आठवडे उरणार होते.

जखमेच्या दिवशी सरांनी निरोप पाठवला की साळूबाईंनी आज बाहेर थांबलं तरी चालेल, वरच्या प्रयोगशाळेतला सुदर्शन ससे धरील. त्यात टोमणा नव्हता. साळूबाईला ते कळलं आणि बरंही वाटलं, पण ती आत गेली. सुदर्शनचा हात चांगला होता. पण हे बारा कुणाच्या सांगण्यावरून आले होते? ज्यानं मागितले त्यानं धरावेत. दुसऱ्याच्या हातांवर ढकलून घरी निवांत बसणं तिला जमलं नसतं. सुदर्शन विनातक्रार बाजूला झाला. तिनं एक नंबरचा ससा पिंजऱ्यातून काढला. नवा होता, तिच्या वासाची अजून ओळख नव्हती, मागच्या पायांनी त्यानं एकदा जोरात लाथ मारली. तिनं पायांखाली हात घातला, पाठ आपल्या पोटाशी टेकवली आणि त्याला टेबलाशी आणलं. सुई दिली. तळव्याखाली त्याचं काळीज आधी धडधडत होतं, मग संथ झालं, कान सैल पडले. ती काहीच बोलली नाही या वेळी. नुसता तळवा डोक्यावर ठेवला आणि डावा डोळा बोटांनी झाकला. उजव्या डोळ्यात बधिर करायचे थेंब पडले. तनुजानं चिमट्यात डोळा जाळणाऱ्या पाण्यात भिजवलेला टिकलीएवढा कागद धरला होता. चिमटा बुबुळाजवळ आला आणि तिथंच थांबला. खोलीतले सगळे तनुजाच्या हाताकडं पाहत होते. साळूबाई तेवढी सशाकडं पाहत होती. लाल, ओला, अजून कसलाही डाग नसलेला तो डोळा तिनं नीट पाहून घेतला, आणि पकड बोटभरही ढिली न करता म्हणाली,

"टेकव, ताई. मी धरलंय."